दुभाष्याची परीक्षा

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत सकाळपासून रात्रीपर्यंत जीं यंत्रें अबोलपणें राबत असतात, त्यांपैकीं बहुतेकांच्या पोटांत आज एक लहानसा संगणक दडलेला असतो. धुलाईयंत्रानें किती पाणी घ्यावयाचें, विजेच्या मीटरनें किती युनिटें मोजावयाचीं, ओल्या रस्त्यावर मोटारीचा ब्रेक कितपत आवळावयाचा, रुग्णाच्या छातींत बसविलेल्या पेसमेकरनें हृदयाला केव्हां इशारा द्यावयाचा, हे सारे निर्णय नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर घेतले जातात. या तुकड्याला पडदा नाहीं, कळफलक नाहीं, आणि पुष्कळदां त्याची स्मरणशक्ति इतकी तोकडी असते कीं, एका साध्या छायाचित्राचीहि तींत सोय लागूं नये. अशा रीतीनें दुसऱ्या यंत्राच्या पोटांत जडवून टाकलेल्या संगणकाला एम्बेडेड संगणक असें म्हणतात.

आतां प्रश्न असा उत्पन्न होतो कीं, ज्याला लिहावयास पाटी नाहीं आणि वाचावयास डोळे नाहींत, अशा संगणकासाठीं आज्ञावली लिहावयाची तरी कोठें? अर्थात् ती दुसरीकडे लिहावी लागते. इंजिनियर आपल्या टेबलावरील मोठ्या संगणकापुढें बसतो आणि बहुधा सी या भाषेंत आज्ञा लिहितो. ही भाषा अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास घडविली. ती माणसाला वाचतां येते. परंतु सिलिकॉनच्या तुकड्याला तिचें एक अक्षरहि कळत नाहीं. त्याला कळतात त्या केवळ शून्य व एक यांच्या ओळी, आणि त्यांतहि प्रत्येक घराण्याच्या तुकड्याची बोली निराळी. म्हणून मध्यें दुभाषी लागतो. या दुभाष्याचें नांव कंपायलर. आणि जो दुभाषी स्वतः एका यंत्रावर राहून दुसऱ्याच यंत्राच्या बोलींत अनुवाद करून देतो, तो क्रॉस-कंपायलर.

मुंबईंत बसून टोकियोच्या व्यापाऱ्याला जपानी पत्रें लिहून देणाऱ्या, पण आयुष्यांत एकदांहि जपानांत न गेलेल्या दुभाष्याची येथें कल्पना करावी. पत्र मुंबईंत लिहिलें जातें, त्याचा परिणाम टोकियोंत होतो. अनुवादांत चूक झाली, तर मुंबईंतील कोणालाहि ती दिसत नाहीं; ती कळते माल चुकीचा आल्यानंतर. क्रॉस-कंपायलरची अडचण नेमकी हीच आहे. चूक होते एकीकडे, भोगावी लागते दुसरीकडे. आणि दुसरीकडे जर रुग्णाची छाती असेल, तर ती चूक परत घेण्याची संधिहि पुष्कळदां मिळत नाहीं.

जो कंपायलर आपल्याच यंत्रासाठीं अनुवाद करतो, त्याला स्वतःची परीक्षा घेण्याची एक सुरेख सोय आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केलेला ग्नू कंपायलर याचें उत्तम उदाहरण होय. हा कंपायलर स्वतःहि एक लांबलचक आज्ञावलीच आहे. प्रथम एखाद्या जुन्या कंपायलरकडून तिचा अनुवाद करवून घेतात. त्यांतून जो नवा कंपायलर निघतो, त्याच्याकडून तीच आज्ञावली पुन्हां अनुवादित करवितात. आणि या दुसऱ्या पिढीच्या कंपायलरकडून आणखी एकदां. दुसरी व तिसरी पिढी अक्षरशः सारखी निघाली पाहिजे. जर त्यांत फरक पडला, तर कोठें तरी पाणी मुरत आहे हें तात्काळ ध्यानांत येतें. आरशांत पाहण्याचें हें सुख क्रॉस-कंपायलरला लाभत नाहीं. त्याचा अनुवाद त्याच्या स्वतःच्या यंत्रावर चालतच नाहीं, मग तो स्वतःचें तोंड पाहणार कशांत?

या अडचणीवर पहिला तोडगा निघाला तो नकली यंत्राचा. १९७५ सालीं पॉल अ‍ॅलन व बिल गेट्स हे दोघे तरुण, आल्टेअर नांवाच्या नव्या लहान संगणकासाठीं बेसिक भाषेची सोय करून देण्याच्या उद्योगास लागले. त्यांच्याजवळ आल्टेअर नव्हता. हार्वर्ड विद्यापीठांत पीडीपी-१० नांवाचा मोठा संगणक मात्र होता. अ‍ॅलन यांनीं आल्टेअरमधील इंटेल ८०८० या तुकड्याची हुबेहूब नक्कल करणारी आज्ञावली त्या मोठ्या संगणकावर रचली. आणि गेट्स यांनीं मॉन्टी डेव्हिडॉफ या सहकाऱ्याच्या साहाय्यानें लिहिलेली बेसिक त्या नकली तुकड्यावर चालवून पाहिली. पुढें अ‍ॅलन कागदी फीत घेऊन विमानानें अल्बुकर्क येथें गेले. फीत यंत्रांत भरून घेण्यासाठीं लागणाऱ्या आज्ञा तर त्यांनीं विमानांतच लिहून काढल्या. खऱ्या आल्टेअरशीं त्या बेसिकची गांठ प्रथम तेथेंच पडली, आणि दोन अधिक दोन किती, या प्रश्नाला यंत्रानें चार असें उत्तर दिलें. ही गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगितली जाते. परंतु तिच्यांत कौशल्याचा जसा वांटा आहे तसाच दैवाचाहि आहे. आणि दैवावर भिस्त ठेवून ब्रेक तयार करतां येत नाहींत.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण घरोघरीं ठाऊक आहे. ती भाताला लागूं पडते, कारण पातेल्यांतील सर्व शितांना एकच पाणी आणि एकच आंच लागलेली असते. कंपायलरच्या अनुवादाची गोष्ट तशी नाहीं. तेथें प्रत्येक शीत जणूं निराळ्या चुलीवर शिजतें. बेरीज अचूक करणारा कंपायलर, त्याच बेरजेच्या शेजारीं एखादा भागाकार आला आणि दोहोंच्या भोवतीं एखादें आवर्तन आलें, म्हणजे नेमका तेथेंच घसरूं शकतो. त्यांतून कंपायलर हा नुसता शब्दास शब्द देणारा अनुवादक नव्हे. आज्ञावली आटोपशीर व वेगवान व्हावी म्हणून तो वाक्यें मागेंपुढें करतो, कांहीं गाळतो, कांहीं एकत्र करतो. या काटकसरीचे लहानमोठे अनेक दर्जे असतात आणि बहुतेक दगाफटका या काटकसरीच्या पोटांतच होतो.

म्हणून परीक्षकाचें पहिलें काम भाषेच्या व्याकरणापासून सुरू होतें. सी भाषेचा प्रमाणग्रंथ अमेरिकेंत १९८९ सालीं मान्य झाला. त्यांतील नियमानियमावर लहान लहान प्रश्न काढून त्यांचा संच तयार करतात. शुद्ध वाक्याचा अनुवाद शुद्ध झाला पाहिजे, आणि अशुद्ध वाक्य दिलें असतां दुभाष्यानें तें मुकाट्यानें गिळतां कामा नये. या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. एडा या भाषेच्या बाबतींत तर अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें अशा परीक्षेची सक्तीच केली होती, आणि १९८३ सालीं न्यूयॉर्क विद्यापीठाचा एडा अनुवादक ती परीक्षा सर्वप्रथम उत्तीर्ण झाला.

परंतु एकाच प्रश्नाचें उत्तर सर्व यंत्रांवर एकच असतें असेंहि नाहीं. शाळकरी मुलें ज्या आर्डुइनो उनो नांवाच्या पट्टीवर प्रयोग करतात, तिच्यावरील तुकड्यांत साधी पूर्णांक संख्या १६ द्विमान अंकांत मांडली जाते, आणि ३२७६७ हून मोठी संख्या तींत मावत नाहीं. तेथें २०००० मध्यें २०००० मिळविले, तर ४०००० ऐवजीं बहुधा उणे २५५३६ असें उत्तर हातीं येतें. टेबलावरील संगणकावर तीच बेरीज बिनबोभाट होते. यांत कंपायलरचा कांहींएक अपराध नाहीं. भाषेच्या नियमांनींच संख्येच्या मापाबद्दल ही मोकळीक ठेवलेली आहे. म्हणजे परीक्षा घेणाऱ्याला दुभाष्याइतकेंच त्या परक्या देशाचे रीतिरिवाज ठाऊक असले पाहिजेत. तसे नसतील, तर निरपराध दुभाष्याला शिक्षा व्हावयाची आणि खरा अपराधी सुटावयाचा.

याच्या उलट प्रकारचा धोकाहि आहे. आज्ञावलींत एखादा ठराविक हिशोब असेल, तर कंपायलर तो स्वतःच आगाऊ करून ठेवतो, म्हणजे लहान तुकड्याचे श्रम वांचतात. पण तो हिशोब तो करणार कोणत्या अंकगणितानें? आपल्या घरच्या यंत्राच्या कीं परक्या यंत्राच्या? अपूर्णांकांच्या बाबतींत दोहोंमध्यें बारीक अंतर पडूं शकतें. याचसाठीं २००८ सालच्या ४.३ या आवृत्तीपासून ग्नू कंपायलर असे हिशोब यजमान यंत्राच्या अंकगणितावर न सोंपवितां, त्यासाठीं स्वतंत्रपणें रचलेल्या गणितसंग्रहांच्या साहाय्यानेंच करतो.

एम्बेडेड संगणकांच्या दृष्टीनें सर्वांत नाजूक प्रकरण आहे तें चंचल स्थळांचें. अशा संगणकाच्या स्मृतींतील कांहीं घरें हीं वस्तुतः घरें नसून बाहेरच्या जगाकडे उघडणाऱ्या खिडक्या असतात. एका खिडकींत तापमान दिसतें, दुसरींत मोटरची अवस्था. आईनें मुलाला सांगावें कीं, दूधवाला येईपर्यंत वारंवार दाराशीं जाऊन पाहत राहा. मुलानें एकदां पाहून यावें, आणि पुढें दर खेपेस जागचें न हलतां आला नाहीं, आला नाहीं असें सांगत बसावें! दूधवाला दाराशीं उभा, आणि घरांत मात्र दुधाची वाट. काटकसरी कंपायलर नेमकें हेंच करूं पाहतो. तें टाळण्यासाठीं सी भाषेंत व्होलाटाइल, म्हणजे चंचल, असा शब्द आहे. ज्या स्थळाला तो जोडला, तें स्थळ प्रत्येक वेळीं नव्यानें पाहिलेंच पाहिजे. हा आदेश मोडला, तर यंत्र बंद पडण्याचा किंवा जागच्या जागीं घुटमळत राहण्याचा संभव असतो.

हा आदेश पाळला जातो काय, याची परीक्षा अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाचे एरिक आयडी आणि जॉन रेगेर यांनीं घेतली. २००८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेला निष्कर्ष डोळे उघडणारा होता. धंद्यांत प्रत्यक्ष वापरांत असलेले १३ कंपायलर त्यांनीं तपासले, आणि त्यांतील प्रत्येकानें कोठें ना कोठें चंचल स्थळाच्या बाबतींत चुकीचा अनुवाद केल्याचें आढळलें. घरोघरीं मातीच्या चुली, याहून निराळें काय म्हणावयाचें!

येथें एक शंका साहजिकच उद्भवते. खरें उत्तर कोणतें, हेंच जर आधीं माहीत नसेल, तर चूक ओळखावयाची कशी? या शंकेचें समाधान मोठें व्यवहारी आहे. एकच मजकूर दोन-चार दुभाष्यांकडे परस्परांच्या नकळत धाडावा, आणि त्यांच्या अनुवादांचे परिणाम ताडून पाहावे. परिणाम जुळले नाहींत, तर निदान एकजण तरी चुकला आहे हें निश्चित. विल्यम मॅकीमन यांनीं १९९८ सालीं या पद्धतीचें विवेचन केलें. रेगेर व त्यांचे सहकारी यांनीं पुढें सीस्मिथ नांवाची अशी आज्ञावली रचली कीं, ती स्वतःच हवीं तितकीं चित्रविचित्र पण व्याकरणशुद्ध प्रकरणें लिहून देते. त्यांतील प्रत्येक प्रकरण शेवटीं एकच अंक उच्चारतें. तेवढा ताडून पाहिला कीं झालें. २०११ सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणें तीन वर्षांत या रीतीनें ३२५ हून अधिक अज्ञात चुका उजेडांत आल्या. २०१४ सालीं झेंडोंग सू व त्यांचे विद्यार्थी यांनीं आणखी एक युक्ति काढली. एखादी आज्ञावली चालवून पाहावयाची, तिच्यांतील जो भाग त्या वेळीं उपयोगांतच आला नाहीं त्यांत फेरफार करावयाचे, आणि उत्तर बदलतें काय तें पाहावयाचें. न वाचलेलें पान फाडलें म्हणून वाचलेल्या कथेचा शेवट बदलूं नये, हें त्यामागील तत्त्व. दोन सुप्रसिद्ध कंपायलरांमध्यें त्यांना १४७ चुका सांपडल्या.

अशा परीक्षेंत चुकांचे दोन वर्ग पडतात. एका वर्गांत कंपायलर अनुवाद करतां करतां मध्येंच कोसळतो. ही चूक दिसावयास भयंकर, परंतु स्वभावानें निरुपद्रवी. कारण ती ओरडून सांगते. दुसऱ्या वर्गांत कंपायलर हंसतमुखानें अनुवाद पुरा करतो, एकहि तक्रार करीत नाहीं, आणि अनुवाद मात्र खोटा असतो. परीक्षकाची सारी झोंप उडते ती या दुसऱ्या वर्गामुळें.

मोठ्या संगणकावर इतकें सर्व करून झाल्यानंतरहि खऱ्या तुकड्याशीं गांठ घालावीच लागते. नकली यंत्र सोयीचें खरें, परंतु तें रचणारा माणूस आणि कंपायलर रचणारा माणूस एकच माहितीपुस्तक वाचतात. दोघांनीं त्यांतील एकाच वाक्याचा सारखाच गैरसमज करून घेतला, तर नकली यंत्रावर सर्व कांहीं आलबेल दिसेल. खऱ्या तुकड्यावर परीक्षा घ्यावयाची म्हणजे अडचणींची रांगच लागते. आर्डुइनो उनोवरील तुकड्यांत चालू कामासाठीं अवघीं २०४८ अक्षरें मावतील एवढी जागा. तेवढ्यांत परीक्षेचे कितीतरी प्रश्न बसतच नाहींत. उत्तर सांगावयास पडदा नसल्यामुळें तें एका तारेवरून एकामागून एक अक्षर असें बाहेर आणावें लागतें. तुकडा मध्येंच बेशुद्ध झाला, तर त्याची वीज तोडून त्याला पुन्हां जागें करावें लागतें. आणि येथें परीक्षकानें एक नियम कधींहि मोडूं नये: मौन म्हणजे संमति नव्हे. परीक्षा संपली आणि उत्तर बरोबर, असें तुकड्यानें स्वतः स्पष्टपणें कळविलें तरच ती उत्तीर्ण. नुसती चूक ऐकूं आली नाहीं, एवढ्यावरून गुण द्यावयाचे नाहींत.

एका ठिकाणीं कसोटीस उतरलेली वस्तु दुसऱ्या ठिकाणीं उतरेलच असें नाहीं, याचा दाखला ४ जून १९९६ या दिवशीं जगास मिळाला. युरोपचें आरियान ५ हें अग्निबाण-यान पहिल्याच उड्डाणांत सुमारें ४० सेकंदांत नष्ट झालें. त्यांतील आज्ञावलीचा एक भाग आरियान ४ वर उत्तम चाललेला होता. नव्या यानाचा मार्ग निराळा, त्यामुळें एक संख्या अपेक्षेबाहेर वाढली आणि १६ द्विमान अंकांच्या घरांत मावली नाहीं. येथें दोष कंपायलरचा नव्हता. परंतु तेथें चाललें म्हणून येथेंहि चालेल, या समजुतीची किंमत किती पडते तें त्यावरून दिसलें. कंपायलरच्या परीक्षकानेंहि हेंच ध्यानांत धरावयाचें असतें. ज्या आवृत्तीचा, काटकसरीच्या ज्या दर्जाचा आणि ज्या तुकड्याचा उपयोग प्रत्यक्ष मालांत व्हावयाचा, त्यांचीच परीक्षा झाली पाहिजे. दुसऱ्या आवृत्तीचें प्रशस्तिपत्र येथें कामास येत नाहीं. म्हणूनच मोटारी व विमानें यांच्या धंद्यांत एकदां पारखून घेतलेला कंपायलर वर्षानुवर्षें तसाच जपून ठेवतात, आणि नव्या आवृत्तीचा मोह आवरतात. २०११ सालच्या आंतरराष्ट्रीय मोटार-सुरक्षा नियमांनीं तर आज्ञावली रचण्याच्या साधनांवर कितपत विश्वास ठेवावा, याचाहि रीतसर विचार करणें आवश्यक ठरविलें आहे.

चूक सांपडल्यानंतरचें काम कमी महत्त्वाचें नाहीं. यंत्रानें लिहिलेलें प्रकरण शेंकडों ओळींचें असतें. त्यांतील अनावश्यक ओळी एकेक करून काढीत, चूक कायम राहील असें पांच-दहा ओळींचें सार काढावें लागतें. आतां हेंहि काम यंत्राकडून करून घेतां येतें. तें सार दुरुस्तीसाठीं पाठवितात. आणि दुरुस्ती झाल्यावर फेंकून न देतां परीक्षेच्या संचांत कायमचें दाखल करतात. ग्नू कंपायलरच्या संचांत अशीं कितीतरी प्रकरणें मूळ तक्रारीच्या क्रमांकानेंच ओळखलीं जातात. प्रत्येक नव्या आवृत्तीला या जुन्या अपराधांची झडती द्यावी लागते. जुनें दुखणें उलटूं नये, यासाठीं हा पथ्याचा मार्ग.

या कामांत महाराष्ट्राचाहि वांटा आहे. जपानी बनावटीच्या एच-८ व एस-एच या घराण्यांतील तुकड्यांसाठीं ग्नू क्रॉस-कंपायलर तयार करून, ते विनामूल्य वांटण्याचें काम या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्याच्या केपीआयटी कमिन्स या कंपनीनें केलें. पवई येथील आय.आय.टी.मध्यें प्राध्यापक उदय खेडकर यांच्या पुढाकारानें ग्नू कंपायलरच्या अंतरंगाचें शिक्षण देणाऱ्या कार्यशाळा भरल्या. मद्रासच्या आय.आय.टी.मध्यें शक्ति नांवाचे स्वदेशी तुकडे घडले आहेत. नव्या तुकड्याबरोबर दुभाष्याची परीक्षाहि नव्यानें घ्यावी लागते, आणि पुष्कळदां तर तुकडा जन्मास येण्यापूर्वींच ती सुरू करावी लागते.

इतक्या परीक्षांनंतर तरी दुभाषी निर्दोष ठरतो काय? प्रामाणिक उत्तर नाहीं असेंच आहे. परीक्षेनें चूक आहे हें सिद्ध होतें. चूक नाहीं हें सिद्ध होत नाहीं. म्हणून फ्रान्समधील झाव्हिए लेरुआ व त्यांचे सहकारी यांनीं दुसरा मार्ग धरला. अनुवाद मुळाशीं एकनिष्ठ राहतो, हें भूमितींतील सिद्धांताप्रमाणें सिद्ध करावयाचें, आणि त्या सिद्धतेची पायरी न पायरी संगणकाकडून तपासून घ्यावयाची. त्यांतून कॉम्पसर्ट हा कंपायलर निर्माण झाला. सीस्मिथनें त्यालाहि सोडलें नाहीं. त्याच्या ज्या भागांची सिद्धता झालेली नव्हती, त्यांत चुका आढळल्या. सिद्ध झालेल्या मधल्या भागांत मात्र, इतर सर्व कंपायलरांत सांपडलेल्या जातीची एकहि चूक आढळली नाहीं. सिद्धता आणि परीक्षा या परस्परांच्या वैरिणी नसून सख्या आहेत, हेंच यावरून दिसून येतें.

धुलाईयंत्राचा खटका दाबणाऱ्या गृहिणीला यांपैकीं कांहीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. तिच्यापर्यंत दुभाष्याचें नांव कधींच पोंचत नाहीं, आणि पोंचूं नये यांतच परीक्षकाचें यश आहे. परंतु पेसमेकर, ब्रेक किंवा विमान यांवर ज्यांना शेवटची सही करावयाची असते, त्यांना मात्र कंपायलर प्रसिद्ध आहे एवढें उत्तर पुरेसें नाहीं. कोणता, कोणत्या आवृत्तीचा, आणि कोणत्या तुकड्यावर तपासलेला, हे तीन प्रश्न त्यांनीं विचारलेच पाहिजेत. या पातेल्यांतील एक शीत दाबून भागत नाहीं; जितकीं दाबतां येतील तितकीं दाबावीं लागतात, आणि दाबलेल्या शितांचा हिशोब लिहून ठेवावा लागतो.